भोकरवाडीला गाडी थांबली

अन्याय झाला तो हलीमाबी शेख या बाईवर. राहणार मौजे भोकरवाडी, तालुका मावळ. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे उद्या कोणी 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणायला नको. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रेल्वेच्या कचेरीत, चारचौघांसमोर एका कारकुनाने तिला सांगितलं, "बाई, तुमच्या वाडीला स्टेशन कधी नव्हतंच. मग स्टेशनचा सांधेवाला तिथे मरेल कसा?"

तिचा नवरा हाच तो सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा आणि बावटा दाखवणारा; तो तिथेच मेला. तिथेच पुरला आहे. पडक्या फलाटाच्या टोकाला त्याची कबर आहे, आणि विजेच्या गाड्यांसाठी भराव घालायचा म्हणून रेल्वे कंपनीला नेमका त्याच जागेचा मुरूम हवा आहे. होळी झाली की खणायला घेणार.

मी हँडबिलं लिहिणारा माणूस. भगतांविरुद्ध, अंगात आणणाऱ्यांविरुद्ध, लिंबू-टाचणीवाल्यांविरुद्ध पुण्याहून पत्रकं छापून आणली आणि लोणावळ्याच्या बाजारात स्वतः वाटली. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हटलं आहे. तेव्हा पुढचं वाचून मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा... पण आधी स्टेशनांचा गुंता समजून घ्या.

गुंता असा. भोकरवाडी नावाचं स्टेशन आधी खरोखर भोकरवाडीला होतं. छोटंसं — फलाट, एक खोली, घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा. मग लोणावळ्याच्या अंगाला बंगले झाले. बंगलेवाल्यांना चालायचा त्रास नको म्हणून दोन मैल लोणावळ्याकडे दुसरं स्टेशन बांधलं. तिथून भोकरवाडीला गाडीवाट जाते, म्हणून त्याचं नाव 'भोकरवाडी रोड'. थोड्या वर्षांनी जुनं स्टेशन बंद केलं. पुढे कधीतरी रंगाऱ्याने पाटी नव्याने रंगवली आणि 'रोड' गळाला. झालं! आता कंपनी पाटीकडे बोट दाखवते — हेच भोकरवाडी, हे कधी हललंच नाही. म्हणजे एक स्टेशन मारायचं, त्याचं नाव दुसऱ्याला नेसवायचं, आणि वर विचारायचं, मेलं कोण?

सुरुवातीला या कामात आम्ही पाच-सहा जण होतो. दिवाळीनंतर एकाचं लग्न ठरलं, एकाला रेल्वेतच नोकरी लागली, बाकीचे 'बघू' म्हणायला लागले. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले तेव्हा कोणी विषयही काढला नाही. मी उरलो. म्हटलं, जुन्या फलाटाची मापं काढू, नकाशा छापू, मग बघू कंपनी काय म्हणते.

मापं काढायला गेलो तो दिवस संक्रांतीनंतरचा — किंक्रांत. आमच्याकडे त्या दिवशी नवं काम काढत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत. फलाटाला लागून राघूआबांचं शेत आहे. टेपचं दुसरं टोक धरायला ते येणार होते. घोंगडीत बसून राहिले.

"आज करिदिन हाय. आज मापं काडू नगा."

"आबा, कंपनी करिदिन पाळते का?"

"कंपनी न्हाई पाळत, म्हून तर ती कंपनी. तुमी कशापायी तिच्यासारकं वागता? उद्या या, उद्या दोन्ही टोकं धरतो."

मी चिडलो. याच अडाणीपणावर कंपन्या पोसल्या जातात, असं काहीतरी बोललो आणि एकटाच निघालो.

सकाळची वेळ. आमच्या इंद्रायणीकाठी पौषात धुकं कसं बसतं ते ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. लोहगड नाही, शेत नाही, स्वतःचे पाय कसेबसे. घाणेरीच्या जाळीत शिरलो, फलाटाच्या कडेचे दगड सापडले, टेपचं टोक धोंड्याखाली दाबलं. कुठे कुत्रं नाही, कोंबडं नाही. मला एकदम वाटलं, आपण इथे नाहीसे झालो तर कोणी विचारायलाही येणार नाही... कचेरीत म्हणतील, असा माणूस कधी नव्हताच. चळवळ करणाऱ्याने असं लिहू नये. पण वाटलं ते वाटलं.

तेवढ्यात पुण्याकडून गाडी आली. पॅसेंजर. नेहमी धडधडत निघून जाते. त्या दिवशी आधी शिट्टी, मग ब्रेकची किंचाळी, आणि गाडी थांबली. इंजिन बरोबर फलाटाच्या टोकाला.

डब्यांतून डोकी बाहेर आली. "कुठलं स्टेशन?" "स्टेशन कुठलं, रान आहे!" आणि मधल्या कुठल्यातरी डब्यातून एक म्हातारा आवाज, अगदी सवयीने बोलावं तसा — "भोकरवाडी आली."

ड्रायव्हर खाली वाकला. गोव्याकडचा असावा, या लाइनीवर नवा. "लाल बावटा कोणी दाखवला? तू?"

मी दोन्ही हात वर केले. हातात टेप. पांढरी.

"हा नाय," मागून फायरमन म्हणाला. "तो उंच व्हता. निळा डगला. डाव्या हातात बावटा."

मागून गार्ड धावत आला. त्यानेही वाकून पाहिलं होतं, त्यालाही बावटा दिसला होता. तिघांनी बोट केलं ती जागा एकच — माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मी तिथेच होतो! मला काही दिसलं नव्हतं.

"मग जाऊ द्या ना गाडी," मी म्हणालो.

ड्रायव्हरने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "ज्याने लाल दाखवला त्याने हिरवा दाखवायचा. त्याशिवाय चाक हलणार नाय. कुठे आहे तो?"

गार्ड आणि मी जाळी तुडवली. दवाने गवत पांढरं झालं होतं. त्यावर आधीची पावलं फक्त माझी. पुढे रुळावर काही नाही. दगड नाही, जनावर नाही. गाडी उभी. इंजिन सुस्कारत होतं. डब्यांतली थट्टा हळूहळू बंद पडली.

मग धुक्यातून हलीमामावशी आल्या. त्यांचं खोपट तिथून जवळच. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात घडी केलेलं फडकं. कोणाला काही विचारलं नाही. नेमक्या त्याच जागेवर उभ्या राहिल्या, घडी मोडली आणि हिरवा बावटा हात ताठ करून धरला. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, बावट्याकडे पाहिलं... आणि शिट्टी दिली. शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही.

"मावशी, हा बावटा?"

"त्येंचा. त्या दिवशी लय पाऊस. म्हशी रुळावर आल्या न् ह्ये लाल घिऊन गाडीफुडं पळालं. गाडी थांबली, पर ह्येंच्यावरनं जाऊन थांबली. लाल कंपनीनं जमा करून घेतला. हिरवा घरात वाळत व्हता, म्हून ऱ्हायला. नदीला पूर, कबरस्तान पलीकडं. टेसनमास्तर म्हनले, हितंच ठेवा."

मग त्यांनीच विचारलं, "डाव्या हातात व्हता का?"

फायरमन बोलला तेव्हा त्या तिथे नव्हत्या. आणि मी काही सांगितलं नव्हतं.

"हो."

"उजव्याची बोटं डबे जोडताना गेलती," त्या म्हणाल्या. मग बावट्याची घडी घालत राहिल्या. एकदा घातली, मोडली, परत घातली. "इतकी वरसं मी रोज गाडीच्या टायमाला हितं येऊन बसते, आजच धुक्यात उशीर झाला. मला कंदी न्हाई दिसलं. परक्या मान्सास्नी दिसलं... मला न्हाई."

मी भाषणं करणारा माणूस. मीही त्याच्या शेजारी उभा होतो आणि मलाही दिसला नव्हता, एवढंच सांगू शकलो. मग आम्ही दोघं कबरीजवळ बसलो. धुकं उठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "गाडी कुठेही थांबली नाही. तिथे थांबण्याजोगं काही नाही." गार्ड म्हणाला, धुक्यात वेग कमी केला होता, बस. ड्रायव्हर लोणावळ्याच्या शेडमध्ये भेटला. आधी ओळखच देईना. मग हळूच म्हणाला, "बाबा, मला पोरं आहेत."

मी सगळं तपासलं. कोणाचं लाल लुगडं वाळत होतं का? नाही. वाडीतलं पोर खोडी करायला आलं होतं का? दवात पाऊल उमटल्याशिवाय कसं येईल? तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर डावा हात त्या परक्या फायरमनला कसा भासला? राघूआबांना विचारलं तर म्हणतात, "तरी सांगितलं व्हतं, करिदिन हाय." ते काही उत्तर नव्हे. मी अजूनही भुतं मानत नाही, आणि त्या सकाळचं काय करायचं ते मला कळत नाही.

पण एक गोष्ट भुताची नाही, साधी आहे. ती गाडी माणसांनी भरलेली होती. त्या गाडीतल्या लोकांनो, किंक्रांत असूनही तुम्ही प्रवासाला निघाला होता. तुम्ही खिडकीतून डोकं काढलं होतं. तुमच्यातल्या एकाने स्टेशनचं नाव घेतलं होतं, म्हणजे ते कुठे होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे! आज तुम्ही सगळे गप्प आहात आणि तिकडे कुदळी गोळा होत आहेत.

भूत पाहिलं म्हणा असं मी सांगत नाही. होळीच्या आत भोकरवाडीला या — पाटीवरच्या नव्हे, खऱ्या. गाडी थांबली होती आणि इथे थांबली होती, एवढं चारचौघांत बोला. आणि तुमच्यापैकी कोणी त्याला पाहिलं असेल, तर कंपनीला नंतर सांगा. आधी हलीमामावशींना त्या फलाटावर न्या आणि बोटाने दाखवा, तो कुठे उभा होता.