आमच्या सोसायटीतली खानदानी कुत्री

कुत्रा पाळलेल्या घरात केस आणि किस्से, दोन्ही झाडून संपत नाहीत. सोफा सरकवला की केस निघतात, चार माणसं चहाला बसली की किस्से. माझ्याकडे तर जरा जास्तच साठा आहे, कारण मी पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या 'पट्टा मंडळी'ची जुनी सभासद. पट्टा मंडळी म्हणजे सकाळी कुत्र्याचा पट्टा हातात धरून मागच्या रस्त्यावर फिरणारी आम्ही माणसं. चाकणच्या कंपनीची बस यायच्या आधी मला तेवढाच वेळ मिळतो आणि खरं सांगते, दिवसभरातली करमणूक तेवढीच.

आमच्यात माणसांना नावं नसतात, नावं कुत्र्यांना. मी 'राणीची मम्मी'. माझी राणी गावठी, कंपनीच्या गेटवर सापडलेली. बाकी सगळी कुत्री खानदानी. लोकांना कुत्र्याच्या आजोबांचं नाव तोंडपाठ असतं. स्वतःच्या पणजोबांचं विचारा, बायकोकडे बघतात.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण कांबळेकाकांचा बंटी. त्याला सोसायटीतून काढायचं म्हणून मीटिंग लागली होती. काका एकटे राहतात. काकू गेल्या, मुलगी कामासाठी जर्मनीला गेली आणि जाताना बंटीला त्यांच्याकडे सोडून गेली. मीटिंगची नोटीस लागली त्या सकाळी काका मला म्हणाले, "बंटी नसेल तर मी खाली कशाला उतरू, ताई?" माझा तर संतापच झाला. पण बंटीचा गुन्हा कळायला आधी बाकीच्या खानदानांची ओळख करून द्यायला हवी.

*

पहिला स्नोई. जात हस्की. बर्फात गाडी ओढायला तयार केलेली. ज्याला ओढायची हौस त्याचीच पिल्लं ठेवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या करत लोकांनी ही जात बनवली. अशा कुत्र्याला स्नोईच्या पप्पांनी भर उन्हाळ्यात पुनावळ्यात आणलं. तो दिवसभर एसीत बसतो. घरचे मात्र पंख्याखाली, कारण लाइट बिल.

एकदा स्नोईच्या पप्पांना कोथिंबीर निवडायची होती. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी पट्टा भाजीवाल्याच्या हातगाडीला बांधला. रस्ता उताराचा. स्नोईनं मागे वळून गाडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं काम समजलं. पुढे स्नोई, मागे टोमॅटोसकट गाडी, त्यामागे पप्पा आणि शेवटी भाजीवाला. स्पीडब्रेकरवर वरात थांबली. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार.

भाजीवाल्यानं टोमॅटो गोळा केले, स्नोईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, ह्याला रोज पाठवा. हिंजवडीपर्यंत धंदा करून येऊ."

*

दुसरी कुकी, बीगल. ही जात वास काढत सशामागे जाणारी. आता आमच्याकडे ससे नाहीत, पण कुकीचे पप्पा आहेत. कुकीच्या मम्मीनं त्यांना डाएटवर ठेवलंय. रोज संध्याकाळी कुकी पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरच्या डिकीसमोर जाऊन बसायची, हलायची नाही. मम्मी कौतुकानं सांगायची की पप्पा दिसले नाहीत तर त्यांच्या गाडीजवळ तरी बसते, इतकी माया!

एक दिवस मायेपोटी मम्मीनं डिकी उघडली. आत कागदात गुंडाळलेले दोन वडापाव, तळलेल्या मिरचीसह.

मग पप्पांनी डोकं चालवलं. शेजाऱ्याशी संधान बांधलं आणि माल त्याच्या डिकीत ठेवायला लागले. दुसऱ्या संध्याकाळी कुकी शेजाऱ्याच्या स्कूटरसमोर जाऊन बसली. तेव्हापासून दोन्ही घरांत दुधीचा रस असतो.

*

दत्ताभाऊंकडे कुत्रा नाही, तरी ते पट्टा मंडळीत आहेत. ते मूळचे मोशीचे. बिल्डरला जमीन दिली तेव्हा इकडे फ्लॅट आला, पण भावाकडे अजून शर्यतीची बैलजोडी आहे. जनावराविना सकाळ जात नाही म्हणून आमच्यात येतात.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात नवऱ्यानं बैलगाडीतून यायचं ठरलं. फोटो चांगले येतात ना! दत्ताभाऊंनी घसा कोरडा करून सांगितलं की ही जोडी पळणारी आहे, मिरवायची नाही. पण ऐकतो कोण? शिंगांना फुलं लावली, गाडीला झालर लावली, नवरा गॉगल घालून उभा राहिला. लॉन्सच्या फाटकापाशी डीजेवाल्याला उत्साह आला आणि त्यानं माइकवर शर्यतीतली आरोळी ठोकली, "झाली... भिर्रर्रर्र!"

पुढचं कोणाच्याच फोटोत नाही. ड्रोनसुद्धा मागे पडला म्हणतात. जोडी थांबली ती थेट मांडवाच्या पायरीशी. नवरा गाडीतच होता, गॉगल मात्र फाटकावर राहिला.

"त्यांच्या बापानं, आज्यानं कधी सावकाश चाल बघितलीच न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. "ह्यांना कुठनं येनार? पन येक सांगतो. आमच्या घरात मुहूर्तावर लागलेलं ते पयलंच लग्न."

*

आता सेक्रेटरी महाजन. मीटिंग लावणारे ते हेच. त्यांच्याकडे सम्राट नावाचा जर्मन शेफर्ड आहे. राखणीची जात, बाप चॅम्पियन, आजा चॅम्पियन, आणि त्याची सर्टिफिकेटं महाजनांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेली. मुलीच्या शाळेची बक्षिसं त्यामागे कुठेतरी आहेत. महाजनांचं आवडतं वाक्य एकच, "शेवटी रक्तात असावं लागतं."

सकाळी घंटागाडी गाणं वाजवत आली की हा सम्राट माझ्या राणीच्या मागे जाऊन लपतो. राणी त्याच्या निम्म्यानं. ती बिचारी भुंकून गाडीला पळवून लावते आणि मग तो बाहेर येऊन ऐटीत उभा राहतो.

शेवटी महाजनांनी सम्राट जिथून घेतला त्याला फोन लावला, आमच्या सगळ्यांदेखत, स्पीकरवर. चॅम्पियनचा पोरगा असा भित्रा कसा निघाला म्हणून चांगलं झापलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "सर, बाप शोमधला चॅम्पियन. तिथे उभा कसा राहतो, केस कसे आहेत, ते बघतात आणि तेवढ्यावरच जोड्या लावतात. शोमध्ये चोर कुठे येतात?"

त्या दिवसापासून महाजन फिरायला उलट्या बाजूनं जातात.

*

आणि आता बंटी. बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या राखणारी जात. मेंढीला दात लावणारा कुत्रा मेंढपाळाच्या काय कामाचा? म्हणून नुसत्या नजरेनं हाकणारेच निवडत गेले. बंटी खाली वाकतो, गोल फेरी मारतो, रोखून बघतो आणि समोरचा आपोआप चालायला लागतो. त्याला पांगलेलं काही बघवतच नाही. मॉर्निंग वॉकवाले ज्येष्ठ नागरिक रांगेत चालायला लागले ते त्याच्यामुळेच. काका तीस वर्षं शिफ्ट सुपरवायझर होते. ते म्हणायचे, माझ्या हाताखाली असा एक असता तर ओव्हरटाइम लागला नसता.

मग एका संध्याकाळी बागेत पांगलेली सगळी पोरं बंटीनं घसरगुंडीखाली जमवली आणि काका येईपर्यंत तिथेच धरून ठेवली. कोणाला ओरखडाही नाही. जेवायच्या वेळी पोरं एका जागी सापडली म्हणून अर्ध्या आया खूश झाल्या. पण त्या पोरांत महाजनांचा नातू होता आणि तो रडला.

झालं! दुसऱ्या दिवशी महाजन काकांना सगळ्यांसमोर बोलले. कुत्रा आक्रमक आहे, सोडून या कुठेतरी. आणि वर पुन्हा तेच, "कांबळे, जे रक्तात असतं ते जात नाही. कुत्रा असो की माणूस."

माझ्या हातातला पट्टा मी इतका आवळला की राणी कुंईकुंई करायला लागली. काकांनी बंटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझे वडील कंपनीत झाडू मारायचे, साहेब," ते म्हणाले. "मी सुपरवायझर झालो. पोरगी जर्मनीत मशीन डिझाइन करते. माणसाचं राहू द्या, आपण कुत्र्याचं बोलू."

महाजन कुत्र्याचंही बोलले नाहीत. त्यांनी नोटीस लावली.

*

नोटिशीवर दोन विषय होते. पहिला, बंटीला सोसायटीबाहेर काढणे. दुसरा, नवीन कमिटी निवडणे. हा दुसरा विषय आमच्याकडे प्रत्येक नोटिशीवर असतो. सोसायटी झाल्यापासून आहे. पण मीटिंगला कधी पुरेशी माणसं येत नाहीत, कोरम होत नाही, मीटिंग बरखास्त होते आणि महाजन सेक्रेटरी राहतात. तसे ते कितीतरी वर्षं आहेत.

कायद्यानं कुत्रं असं काढता येत नाही, हे मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्यावर दोन अंगठे आणि एक गुड मॉर्निंग आलं. तेव्हा मतदान झालं तर आपण हरणारच, असं धरून पट्टा मंडळीनं दुसरा बेत केला. बंटीच्या बाजूच्या कोणी मीटिंगला जायचंच नाही. कोरम झाला नाही तर ठराव नाही, ठराव नाही तर बंटी इथेच. सोसायटीचा आळस पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी येणार होता.

रविवारी काकांना मात्र जावंच लागलं, त्यांना खुलासा द्यायचा होता. क्लबहाऊसमध्ये कुत्र्यांना बंदी म्हणून त्यांनी बंटीचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला आणि आत गेले. आत महाजन आणि त्यांची माणसं. आम्ही बाहेर, ठरल्याप्रमाणे पांगून. मी जिमच्या मागे, स्नोईचे पप्पा बाकावर, कुकीचं कुटुंब झोपाळ्यापाशी, दत्ताभाऊ गेटवर. काही आया पोरांना घेऊन बागेत. सगळे हळूच क्लबहाऊसकडे बघत होतो.

तेवढ्यात चहावाला थर्मास घेऊन आला. त्यानं दार ओढलं आणि पट्टा कडीतून निसटला.

बंटीनं आत बघितलं. थोडी माणसं खुर्च्यांवर. बाहेर बघितलं. इतकी माणसं मैदानभर पांगलेली. मी लांबूनच हातानं नको नको केलं. पण तो खाली वाकला होता.

आधी बाकावरचे स्नोईचे पप्पा उठले. मग झोपाळा रिकामा झाला. मी जिमच्या मागून पळायला गेले, तर हा पुढून हजर. त्या नजरेसमोर माझे पाय आपोआप वळले, खोटं कशाला बोलू. बॅडमिंटन खेळणारे रॅकेटसकट निघाले. गेटवर दत्ताभाऊ त्याला हात जोडून समजावत होते, "ए बाबा, आमी न्हाई यायचं. तुज्याच भल्याचं हाय." बंटीनं त्यांना सगळ्यात शेवटी आणलं आणि स्वतः दारात आडवा बसला.

काकांनी आम्हाला आत येताना पाहिलं आणि डोळे मिटले. त्या माणसाचं एवढंच उरलंय आणि ते आमच्याच पायांनी घालवायला आम्ही आत आलो होतो.

महाजनांचा चेहरा फुलला होता. ते डोकी मोजत गेले, पुन्हा एकदा मोजली आणि माइकवर जाहीर केलं की सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा कोरम पूर्ण झालाय. त्या आनंदात त्यांनी लगेच मतदान घेतलं. बंटीला काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

आधीपासून खुर्च्यांवर बसलेल्यांचे हात वर झाले. बाकी कोणाचाच नाही. बॅडमिंटनवालेसुद्धा रॅकेट मांडीवर ठेवून बसून राहिले.

महाजनांनी हातांकडे पाहिलं, मग न उठलेल्या हातांकडे. माइक खाली ठेवला, कागद गोळा केले, मीटिंग संपली असं पुटपुटले आणि दाराकडे निघाले.

बंटी उठला. खाली वाकला. महाजन डावीकडे सरकले, बंटीही सरकला. महाजन एक पाऊल मागे आले, मग दुसरं, आणि खुर्ची मागून पायांना लागली तसे बसले.

काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला आणि शिफ्ट सुरू करायच्या आवाजात म्हणाले, "महाजन साहेब, विषय क्रमांक दोन."