उभ्या ठेवा, जावईबापू

जगातली प्रत्येक भिंत ही ताटल्या टांगण्यासाठीच बांधलेली असते, छप्पर वगैरे नंतरच्या गोष्टी, असं माझ्या बायकोच्या थोरल्या मावशींचं ठाम मत आहे. तलासरीजवळ उधव्याला त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर आहे आणि त्यात रंग दिसेल अशी भिंत परवापरवापर्यंत हातभरसुद्धा नव्हती. निळ्या नक्षीच्या जुन्या विलायती ताटल्या, सोनेरी काठाच्या बश्या, गुलाब पुसले जाऊन नुसती पानं उरलेले थाळे, झाकण हरवलेली चहाची किटली, आणि दारामागे छत्र्या-काठ्या ठेवायला कमरेएवढी चिनी मातीची लोणच्याची बरणी. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, पंगत बसायची होती, पण ताटंच भिंतीवर चढून बसली. या मावशींचा मी अपराधी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं कौतुक कोणाला खुशामत वाटलं तर त्यात चूक नाही.

मावशी तलासरी तालुक्यात तीस वर्षं नर्स होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने बोर्डी-घोलवडकडे जायच्या आणि चिकूच्या वाड्यांमधल्या जुन्या बंगल्यांत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन देऊन यायच्या. पैसे घेत नसत. "कपाटात एखादी एकटी बशी पडली असेल तर द्या," म्हणायच्या. एकटी ही अट. कप फुटलेली बशी, भावंडं गेलेली ताटली, अशी संसार उधळलेली भांडीच त्यांना चालत. एका बाईंनी बंगला विकताना अख्खा बारा जणांचा सेट देऊ केला, तर मावशी म्हणाल्या, "त्यांना एकमेकांची सोबत आहे, माझी काय गरज?" प्रत्येक ताटलीला जिच्या घरून आली तिचंच नाव. पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या ती अशी, "या चिखल्याच्या वकिलीणबाई. या बोर्डीच्या पियानोवाल्या. आणि या घोलवडच्या आजी." घोलवडच्या आजी म्हणजे निळा पूल आणि वर दोन पाखरं असलेला, परातीएवढा थाळा. तो मावशींचा सगळ्यांत लाडका.

नोकरी सुटली तरी त्यांची तपासणी सुटली नाही. डहाणूच्या भंगारवाल्याकडे गेल्या की त्या ताटली कानाशी धरतात, बोटाच्या पेराने टकटक करतात आणि डोळे मिटून ऐकतात. "आमां तो तिराड छे, शेठ!" असं गुजरातीत निदान झालं की तो बिचारा भाव निम्मा करतो. खरं तर तिराड, म्हणजे तडा, असली की त्या ताटली हमखास घेतातच. टांगण्याची रीतही त्यांचीच. नुसत्या तारेने काठाचे टवके उडतात, म्हणून तारेवर सलाइनच्या नळीचे तुकडे चढवायचे आणि खिळ्याला अडकवायचा फासही नळीचाच. घरात शिरलं की चाळीस पेशंट एकदम सलाइनवर आहेत असं वाटतं.

मला मात्र त्या घरात वेगळाच मान. जावई म्हणून चहा नेहमी सोनेरी कपात. त्याला कान नाही, त्यामुळे बोटं भाजतात. पण मानाचा कप म्हटल्यावर भाजून घ्यायची. आमच्या बायकोला त्या वाट्टेल तसं बोलतात, मला कधी चकार शब्द नाही. पुढे हाच मान माझ्या जिवावर आला.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर आमच्याकडची जमीन हलायला लागली. धक्के छोटे, पण रोजचे. शाळा अंगणात भरू लागल्या, लोकांनी दाराबाहेर ताडपत्र्या बांधल्या. मावशींच्या भिंती मात्र वाजू लागल्या. धक्का बसला की पाड्यावरची सोनीबाई धावत येऊन विचारायची, "बाय, आजचा केवढा?"

"बश्या वाजल्या, ताटल्या गप्प. किरकोळ. जा, भाकऱ्या टाक."

"नि कालचा?"

"काल किटलीपर्यंत गेला होता. आज उतार आहे."

इकडे डहाणूला घरी बसून माझा जीव टांगणीला. एखादा थाळा म्हाताऱ्या डोक्यावर पडला तर? मी जाऊन हट्ट धरला, सगळं खाली काढा, माझ्याकडे ठेवू.

"जावईबापू, दोन महिने हलतायत. पडलीय का एकतरी?"

"पडेपर्यंत थांबायचं का, मावशी?"

त्यांनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "तुमचा शब्द मोडवत नाही," आणि स्वतः स्टुलावर चढल्या. एकेक ताटली पदराने पुसून माझ्या हातात देताना एकच सांगितलं, "खोक्यात उभ्या ठेवा हां. आडव्या रचायच्या नाहीत. उभ्या."

मी हो म्हणालो. चिकूचे खोके आणले होते, पेंढाही भरपूर होता. पण उभ्या ठेवल्या तर झाकण लागेना. मावशी आत चहा टाकत होत्या. मी हळूच सगळ्या आडव्या केल्या, एकीवर एक, आणि झाकणं ठोकली.

टेम्पो डहाणूला पोचला तेव्हा अकरा फुटल्या होत्या. घोलवडच्या आजींचे पाच तुकडे, पूल एकीकडे आणि पाखरं दुसरीकडे. दोन महिन्यांच्या भूकंपाने ज्यांना ओरखडासुद्धा काढला नाही, त्यांचा मी दोन तासांत निकाल लावला होता. भिंतीवर नळीच्या फासात त्या झोके घेत होत्या म्हणून तगल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मावशींना सांगितलं, "तलासरीच्या पुढे एक गतिरोधक होता, दिसलाच नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठे लागलं नाही ना?" आणि मला शिरा वाढला.

तो शिरा मला दीड महिना पचला नाही. त्या ओरडल्या असत्या तर सुटलो असतो. जावयाला ओरडायचं कसं, हा त्यांचा पेच, आणि ओरडा मिळवायचा कसा, हा माझा. शेवटी उरलेल्या ताटल्या परत लावायला गेलो, आणि त्यांच्या हातात एक देता देता बोलून गेलो, "मावशी, मी आडव्या ठेवल्या होत्या."

त्यांचा हात थांबला. "का?"

"झाकण लागत नव्हतं."

"झाकण लागत नव्हतं!" स्टुलावरूनच सुरुवात झाली. "तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, सांगितलंय तेवढं करा. अर्ध्या गोळ्या घरी ठेवायच्या नि वर मला सांगायचं, बाई, गुण नाही. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीपण तसलेच! आणि नाव कोणाचं घेतलंत, गतिरोधकाचं? तो बिचारा रस्त्यात पडलेला, तो येणार आहे का बोलायला?"

आवाज ऐकून सोनीबाई दारात आली. "बाय, जावयाला बोलते?"

"आज जावई नाही, पेशंट आहे!"

पाव तास मी मान खाली घालून उभा होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या दिवशी चहा साध्या स्टीलच्या पेल्यात मिळाला आणि बोटंही भाजली नाहीत.

ताटल्या आपापल्या जागी गेल्या. अकरा खिळे मोकळे राहिले. त्यांच्याखाली भिंतीचा मूळ रंग गोल-गोल उजळ दिसतो, सगळ्यांत मोठा गोल घोलवडच्या आजींचा. पाहुणे आले की मावशी त्या गोलाकडेही बोट दाखवतात, "आणि हे आमचे जावईबापू." पाहुणे हसतात. मीही हसतो, पण मान वर करवत नाही.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यानंतर मला डहाणूच्या भंगारात एक निळा थाळा मिळाला. वीत लावून पाहिला, अगदी तेवढाच. मावशींनी टकटक केली, डोळे मिटून ऐकलं, "तब्येत चांगली आहे," म्हणाल्या आणि चुलीवरच्या खिळ्याला लावला.

"मावशी, तिकडची मोठी जागा मोकळी आहे की."

"मोकळी कुठे? तिथे तुम्ही आहात."

तेवढ्यात जमीन जराशी हलली. बश्या किणकिणल्या, नवा थाळाही त्यांच्यात मिसळून वाजला. मावशी कान देऊन ऐकत होत्या. मी त्या उजळ गोलाखाली बसलो होतो. तिथे काहीच वाजलं नाही.

"किरकोळ," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे बिनकानाचा सोनेरी कप ठेवला.