मामाचा विमा भाडेकरूला कशाला हवा?

मंडळी, सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहिते.

आज रविवार म्हणून गोव्यातच हरमलला मामाकडे गेले होते. मामा एकटाच असतो, लग्न केलं नाही, स्वतःच्या होडीने मासेमारी करतो. त्याचा भाडेकरू किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेल, चालवतो. तो एका विमा एजंटला घेऊन ओसरीवर बसला होता. बेत असा, की मामाच्या आयुष्याचा विमा भाडेकरूने काढायचा, हप्ते त्यानेच भरायचे आणि मामाचं काही बरंवाईट झालं तर रक्कमही त्यालाच!

मी साखळी गावात बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवते. एजंटला विचारलं, "यांचं मामाशी नातं काय?"

"मुलासारखेच आहेत, मॅडम."

"मुलासारखे चालत नाहीत. ज्याच्या जाण्याने आपलं आर्थिक नुकसान होतं, त्याचाच विमा आपल्याला काढता येतो. मामा गेला तर यांचं काय बुडतं?"

एजंटने बॅग आवरली. भाडेकरू समोरचा चहा तसाच टाकून उठला.

मामा माझ्यावरच रागावला. "बाय, तुका सगळ्यांचो दुबाव!"

दुबाव म्हणजे संशय. परतताना मलाही वाटत होतं, उगाच एका भल्या माणसाला दुखावलं.

आत्ता मामाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "बाय, तो परवा माका विचारी होतो, पहाटे होडयेत तू एकटोच असतंस काय म्हणान."

मामा उद्यापासून एकटा समुद्रात जाणार नाही, एवढं कबूल करून घेतलंय. पण भाडेकरू अजून त्याच्याच घरात आहे. तुम्ही काय केलं असतं?