काळ्या वाळूचं तळं

भोसरीतल्या एका कारखान्याची जळकी वाळू चऱ्होलीच्या वाटेवर आणून टाकत. लोखंड ओतून झालं की साच्यांतली काळी वाळू ट्रकनं तिथं पडे. माळच्या माळ काळा झाला होता. केसरबाई दोरीला लोहचुंबक बांधून ती वाळू दिवसभर विंचरायची आणि चिकटलेलं लोखंड भंगारवाल्याला विकायची. नवरा त्याच कारखान्यात खोकून खोकून गेला. वाळू चाळायची मोकळीक तेवढी कंपनीनं तिला दिली.

एक्याऐंशी साल. देशाचा उपग्रह आभाळातून नद्या, रानं पाहू लागला होता. त्याला दिसलेलं खरं की खोटं हे जमिनीवर तपासायला कचेरीनं जयसिंग नावाचे साहेब धाडले. जीपमधून उतरून त्यांनी चित्र उघडलं आणि वाळूवर उभं राहूनच विचारलं, "बाई, इथलं तळं कुठंय?"

"तळं? न्हाई बा."

"वरून काळं दिसतंय. काळं म्हणजे पाणी."

केसरबाईनं मूठभर वाळू त्यांच्या बुटावर सोडली. "भिजला का बूट?"

साहेब शिकलेले. बुटापेक्षा चित्रावर त्यांचा भरवसा जास्त. त्यांनी लिहिलं : 'तलाव. मोठा.'

उन्हाळ्यात केसरबाईच्या वस्तीचा पाण्याचा टँकर बंद झाला. उशाला तलाव असताना टँकर कशाला, असं कचेरीतून उत्तर आलं. केसरबाईनं हंडाभर वाळू डोक्यावर घेतली, कचेरी गाठली आणि हंडा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"तुमच्या तळ्यातलं हाय. प्या."

कारकून हसले. साहेबांना हसवेना, त्यांची बढती ठरत होती. तलाव खोडला असता तर बढतीही खोडली गेली असती. पण सरकारी डोकं, वाट काढतंच.

"असं करू. तलाव होता, यंदा आटला. तुम्ही डोळ्यांनी पाहिला. अंगठा द्या, परवा टँकर येईल."

केसरबाई शाईच्या डबीकडे बघत राहिली. वस्तीतल्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या.

"लबाड बोलायचा तुमाला पगार हाय. मला काय?" असं म्हणत तिनं अंगठा उमटवला.

टँकर आला. साहेब बढतीवर वरच्या कचेरीत गेले. केसरबाई मात्र पाण्याला गेली नाही. शेजारच्या चिमाबाईनं हंडा भरून आणून दिला, तेव्हा तिनं पहिला तांब्या अंगठ्यावर ओतला, दगडानं घासला. शाई निघाली नाही. तशीच लोहचुंबक घेऊन ती माळाकडे निघाली.