वायरमनचं आपोआप लागणारं दार

संध्याकाळी पाच पन्नासला वायरमन खुराड्यापुढे उकिडवा बसून, स्वतःच बसवलेली मोटर काढत होता. चार स्क्रू होते. तीन सुटले होते. चौथा गंजलेला नव्हता, अडकलेलाही नव्हता. वायरमनच त्याच्याशी उगाच रेंगाळत होता, कारण तो सुटला की पुढचं काम कुंपणापलीकडे होतं.

कुंपणापलीकडे वहिनी राहत. थोरला भाऊ असतानाच जागेची वाटणी झाली होती आणि मधे तारेची जाळी आली होती. कोंबड्यांना ही वाटणी मान्य नव्हती. वायरमनच्या कोंबड्या दिवसभर जाळीखालून पलीकडे जात, वहिनींच्या गोठ्यामागे उकिरडा उकरत आणि दिवस कलला की परत येत. वहिनींनी कधी हुसकल्या नाहीत. उलट, "भावोजी, तुमच्या माहेरवाशिणी आल्यात हो," असं जाळीवरून ओरडून सांगत.

वायरमनची सगळी नोकरी सूतगिरणीत गेली. गिरणी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला एक टायमर त्याने आठवण म्हणून घरी आणला होता. पाळी सुटल्याची घंटा वाजवायचा तो. पुढे कोंबड्या पाळल्या आणि रोज संध्याकाळी घरात अडकून पडायची वेळ आली. बायको वसतिगृहात संध्याकाळच्या स्वयंपाकाला जायची, ती रात्रीच परतायची. म्हणजे खुराडं बंद करायला हाच. पंक्चरच्या दुकानामागे पत्त्यांचा डाव नेमका त्याच वेळी रंगायचा. मग हिवाळ्यात त्याने डोकं लढवलं. भंगारातल्या मोटारीची काच वरखाली करणारी मोटर मिळवली, तिला पत्र्याचं सरकतं दार जोडलं आणि गिरणीचा टायमर लावला. सकाळी दार आपोआप वर, संध्याकाळी सव्वासहाला घर्रर्र करत आपोआप खाली.

"कोंबड्यांना शिस्त लावली," त्याने पत्ते पिसताना जाहीर केलं.

"मग आता त्यांना फंड आणि ग्रॅच्युइटी पण लागू कर," पंक्चरवाला म्हणाला.

हिवाळाभर दार बिनचूक चाललं. सहाच्या आत सगळ्या कोंबड्या आत असत. पुढे दिवस मोठा होऊ लागला. कोंबडी उजेड बघते, घड्याळ बघत नाही, हे वायरमनला माहीत नव्हतं असं नाही. ते त्याला सुचलं नाही. जन्म ट्यूबलाइटखाली गेलेला माणूस. गिरणीत बारा महिने सव्वासहा म्हणजे सव्वासहाच असायचे, आणि घंटा झाल्यावर आत राहिलेला कामगार त्याने कधी पाहिला नव्हता.

आधी ठिपक्यांची कोंबडी गेली. मग एक तांबडी. दोन्ही वेळा सकाळी जाळीजवळ पिसं सापडली, आणि दोन्ही वेळा जाळीच्या पलीकडे हवालदार बसलेला सापडला.

हवालदार हा वहिनींचा कुत्रा. थोरल्या भावाने पिल्लू असताना शर्टात घालून आणलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय सोडायचा नाही, म्हणून हवालदार. दुसऱ्या वेळी त्याच्या नाकाला एक तांबडं पीस चिकटलं होतं. वायरमनला तेवढं पुरेसं होतं.

"अहो, तो राखण करतो," वहिनी म्हणाल्या. "रोज दिवस मावळताना इथंच येऊन बसतो. नाक जाळीतून घालतो, त्याला पीस चिकटायचंच."

"राखण! राखणदाराच्या तोंडाला पिसं कशी?"

इथंवर घरातलं भांडण होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर, दुधाच्या गाडीपुढे, कुणी दूध घालायला, कुणी घ्यायला, सगळा शेजार किटल्या घेऊन रांगेत उभा असताना कुणीतरी विचारलं, "काय वायरमन, कोंबड्यांची शिस्त काय म्हणतेय?" आणि त्याची जीभ सुटली. वहिनी चार माणसं पुढे होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "शिस्त काय कामाची, शेजारी चोर असेल तर? आणि चोराला घरात ठेवणाऱ्याला काय म्हणतात ते मी सांगायला नको."

रांग हसली. फार नाही, पण हसली. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी दूध घातलं, किटली विसळली आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या हवालदारला दोरी बांधून घेऊन आल्या आणि दोरी गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याला गोठ्यावर कुत्रा हवाच होता. गाडीत चढताना हवालदार शेपूट हलवत होता.

त्यानंतर आठवडा गेला नाही, तोच लंगडी गेली.

लंगडी बायकोची लाडकी. एका पायाने अधू, त्यामुळे सगळ्यांत शेवटी घरी येणारी. सकाळी वायरमनला तिची पिसं दिसली आणि त्याने पहिलं काय केलं, तर जाळीपलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्याने घराकडे पाहिलं. बायको अजून उठली नव्हती. त्याने पिसं गोळा केली, लिंबाच्या झाडाखाली खुरप्याने खड्डा केला आणि पुरून टाकली. साठी उलटलेला माणूस शाळकरी पोरासारखा हात पायजम्याला पुसत घरात आला.

"लंगडी दिसत नाही," दुपारी बायको म्हणाली.

"पंक्चरवाल्याच्या आईला दिली," तोंडाला आलं ते तो बोलून गेला. "आजारी आहे म्हातारी. अंड्यांसाठी मागत होती."

"लंगडी कुठं अंडी देते?"

"मग... सोबतीला."

बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

त्या दिवसापासून पत्त्यांत त्याचं लक्ष लागेना. हातात राणी असताना तो दुरी टाकू लागला. शेवटी काल त्याने डाव चुकवला आणि मागच्या पायरीवर बसून राहिला. सव्वासहा झाले. मोटर घर्रर्र वाजली आणि दार खाली आलं. ऊन अजून भिंतीवर होतं. चार कोंबड्या वहिनींच्या उकिरड्यावरून आरामात परत येत होत्या. आल्या, पत्र्यावर चोची आपटल्या, एकमेकींकडे माना वाकड्या करून पाहिलं आणि रात्र काढायला जाळीशेजारच्या सरपणाच्या ढिगावर चढू लागल्या.

त्याच ढिगामागून रानमांजराचं डोकं वर आलं. त्याला घाई नव्हती. ताट वाढल्याची हाक ऐकून यावं तसं ते आलं होतं, आणि हाक म्हणजे वायरमनची मोटर. जेवणाची घंटा झाली की गिरणीतले कामगार कॅन्टीनकडे असेच निघत. पुढे येण्याआधी मांजराने एकदा जाळीपलीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहून घेतलं. हवालदार बसायचा ती जागा. मग ते निर्धास्त पुढे सरकलं.

वायरमनने चप्पल फेकून मारली. मांजर गेलं. एकेक कोंबडी धरून त्याने आत टाकली, पण चप्पल आणायला ढिगाकडे, हवालदारच्या जागेसमोर, तो गेला नाही. रात्रभर ती तिथेच पडून होती.

आता चौथा स्क्रू सुटला. मोटर हातात आली. तेवढ्यात वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला जाळीशी आल्या.

"मोटर जळाली का भावोजी?"

"नाही. काढतोय."

"का? चांगली चालत होती की. रोज ऐकू यायची."

वायरमनने मोटर जमिनीवर ठेवली. ठेवली तशी पुन्हा उचलली. "वहिनी, तो हवालदार नव्हता. रानमांजर होतं. माझं दार लवकर लागायचं, कोंबड्या बाहेर राहायच्या."

वहिनींनी टॉवेलची घडी घातली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही लिंबाखाली पिसं पुरलीत तेव्हापासून. जरा खोल तरी खणायचं. वाऱ्याने अर्धी माझ्या अंगणात आली. जाऊबाईंना दिसू नयेत म्हणून मीच केरात भरून टाकली."

वायरमन मोटरवरची माती पुसू लागला. "मग बोलला का नाहीत?"

"कुणापाशी बोलू? चोराला घरात ठेवणाऱ्या बाईचं कोण ऐकून घेतं?"

"मी आजच रात्री ड्रायव्हरकडे जातो. हवालदारला घेऊन येतो."

"रात्री," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कुणाला दिसणार नाही. पिसं पुरलीत तसंच." त्यांनी चिमटे एकेक करून पदरात घेतले. "तो गेला सगळ्यांच्या देखत, भावोजी. यायचा तर सगळ्यांच्या देखत येईल. जिथं बोललात तिथं बोला. नाहीतर राहू दे त्याला तिथं. दोन वेळा दूध मिळतंय."

"लोक हसतील."

"हसतील. माझ्यावर हसले तेव्हा मी काही मेले नाही."

त्या आत गेल्या. कोंबड्या सावकाश, आपापल्या सवडीने परतू लागल्या. वायरमन दाराशी बसून राहिला. शेवटची आत गेली तेव्हा सात वाजायला आले होते. त्याने पत्रा हाताने खाली ओढला आणि कडी घातली.

रात्री बायको आल्यावर त्याने तिला लंगडीचं खरं सांगितलं. ती पदराने मान पुसत ऐकत होती.

"पंक्चरवाल्याची आई जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "खांदा तुम्हीच दिला होतात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"म्हटलं, बघू, सोबतीला अजून काय काय पाठवताय तिला."

ती हसली नाही. तोही हसला नाही. हवालदार गेल्यापासून दूध आणायला तीच जात होती, कारण वायरमनला सकाळी अचानक कंबरदुखी सुरू झाली होती. तिने किटली धुऊन रोजच्या खिळ्याला टांगली. वायरमनने ती काढली आणि आपल्या चपलांशेजारी नेऊन ठेवली.

दुधाची गाडी फाट्यावर सकाळी साडेसहाला येते. रांग त्याआधीच लागलेली असते. पंक्चरवाला पहिला असतो, वहिनी त्याच्या मागे दोन-तीन माणसं सोडून. हल्ली पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, हवालदार बसलेला असतो.