काकी ताट सोडत नाहीत

"ठेव ताट तिथंच!"

काकींच्या घरी जेवून उठणाऱ्या प्रत्येकाने हा दम ऐकलेला आहे. पनवेलच्या आसपासच्या गावांत तुमचं जाणंयेणं असेल, तर अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीची असेल. तुम्ही ताट उचलायला वाकलात की एका हाताने मनगट धरायचं, दुसऱ्याने ताट काढून घ्यायचं आणि वर ऐकवायचं, "पावना हायस. पावन्यासारखा ऱ्हा."

मी त्यांच्या मुलीचा, प्राचीचा, कॉलेजातला शिक्षक. मला त्या 'सर' म्हणत आणि लगेच पुढे 'तू'ही म्हणत. इतक्या वेळा जेवलो त्यांच्याकडे, पण माझं खरकटं ताट मोरीपर्यंत न्यायची माझी कधी टाप झाली नाही.

प्राची एका वर्षासाठी जर्मनीला शिकायला गेली. राहायची एका कुटुंबात. अट अशी, की ज्यांचं मूल तिकडे जाईल त्यांनी तिकडून आलेलं मूल आपल्या घरी ठेवायचं. हा सगळा व्याप माझ्या गळ्यात होता. मला धाकधूक वाटत होती, म्हणून विचारलं, "काकी, जमेल ना?"

"माजी पोर कोनाच्या तरी घरात हाय," काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मी येनाऱ्या पोरीला नीट ठेवली, तं तिला तिकरं कोनीतरी नीट ठेवील." सौदा पक्का केल्यासारखं बोलल्या आणि पुन्हा सुपात डोकं घातलं.

लेना आली. सतरा वर्षांची, उंच, शहाणी पोर. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण तिने पहिल्याच दिवशी चाटूनपुसून खाल्लं. मग ताट घेऊन उठली आणि काकींनी मनगट धरलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ती अंथरूण घडी करायला गेली तर काकींनी आधीच उचललेलं. केरसुणी हातात घेतली तर ती हिसकावून घेतली. "गाव काय बोलंल? पावनीला राबवते!"

आठव्या दिवशी मुलांनी पहिल्या आठवड्याबद्दल कागद भरून द्यायचा असतो. लेनाने लिहिलं होतं, जेवण फार चांगलं, माणसं प्रेमळ. आणि खाली लिहिलं होतं, 'पण मला इथे कशालाच हात लावू देत नाहीत. मी या घरात परकी आहे. शक्य असल्यास दुसरं घर द्यावं.'

खरं सांगायचं तर लेनाला हलवायला नवीन पनवेलमधल्या एका कुटुंबाचा फ्लॅट लगेच माझ्या डोळ्यासमोर आला. डोक्याला ताप नको, असा मी माणूस. पण काकींना सांगितल्याशिवाय पोरीला हलवणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी गेलो तर काकी आधीच पेटलेल्या. प्राचीचा फोन येऊन गेला होता.

"सर, तिकरं माज्या पोरीला भांडी घासाला लावतात! शनवारी संडास धुवाला लावतात! रडत होती. मी तिला परत बोलवते. तू त्यांना कागद लिही!"

मी खिशातून लेनाचा कागद काढला आणि मराठीत वाचून दाखवला. काकींनी तो दोनदा वाचायला लावला.

"परकी? मी तिला फुलासारखी ठेवली नि ती परकी?"

त्या पायरीवर बसल्या. सरकारने जमीन घेतली तेव्हा मोजणीच्या साहेबांना दिवसभर उन्हात उभं करणारी ही बाई. तिचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. कागद आणलाच नसता तर बरं, असंही वाटून गेलं.

मग त्यांनी विचारलं, "तिकरं त्या बाईच्या सोताच्या पोरी बी घासतात भांडी?"

"घासतात."

"आनि संडास?"

"तोही पाळीपाळीने."

काकी उठल्या. पदर खोचला. "घर बदलाचा नाय. मला चार दिस दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेनापुढे कोलंबीची पाटी ठेवली आणि सोलायला शिकवलं. लेनाने दीड तास लावला. सालाबरोबर निम्मी कोलंबीही गेली. काकींचे हात सारखे पुढे जात होते. शेवटी त्यांनी ते मांडीखाली दाबून ठेवले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गो, पावनीला कामाला लावलीस?"

"पावनी कोन? माजी पोर हाय," काकी म्हणाल्या, पण नजर कोलंबीवरून हलली नाही.

दुपारी लेना आपलं ताट घेऊन मोरीकडे गेली. काकी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलंय. रात्री त्यांनी प्राचीला फोन केला. "गुमान भांडी घास. घरातली समजतात, म्हनून देतात."

चौथ्या दिवशी लेनाने माझ्याकडून तो कागद परत मागून घेतला.

लेना गेल्या महिन्यात तिच्या घरी गेली. आणि पंधरा दिवस झाले, काकींच्या घरालाही कुलूप आहे. प्राचीला आणायला त्या स्वतः गेल्या, त्या कुटुंबाने आग्रहाने बोलावलं म्हणून. "जमीन माजी विमानतळात गेली," जाताना म्हणाल्या, "विमान कसा अस्ते ते तरी बघून येते." जाता येता मी त्या बंद दाराकडे बघतो. जेवायला कोणी बोलावत नाही, हेही आहेच.

काल प्राचीने फोटो पाठवला. परक्या देशातलं स्वच्छ स्वयंपाकघर, पदर खोचून बेसिनपाशी उभ्या काकी. ताटाची एक कड त्यांच्या हातात आणि दुसरी एका गोऱ्या, उंच बाईच्या हातात. खाली काकींचा आवाज रेकॉर्ड केलेला होता.

"सर, ही बाय मला ताट धुऊ देत नाय. पावनी बोलते मला." मग जरा दम खाऊन, "मी बी सोरत नाय."