लॉन्झोच्या जागेवरचं गवत

इडेला गॅस्किन गावात कुणालाच आवडायची नाही, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. टॉलिव्हर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. मक्याच्या पावाचा दुसरा तुकडा मागायला पोर आलं की ती विचारायची, "पहिला कुठंय? पोटात? मग त्यालाच विचार, पुरतोय का." चर्चमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या असत. नवरा डेट्रॉइटला गेला तो गेलाच. लोक म्हणत, बसमध्ये चढताना तो गाणं म्हणत होता.

पण शनिवारी सकाळी, कंबर कितीही धरलेली असली तरी, ही बाई खराटा घेऊन जुन्या कापूस-जिनिंगच्या रस्त्याला जायचीच. रस्त्याच्या कडेला तिथे खाटेएवढी उघडी जमीन होती. एकोणीसशे एकवीस साली तिथल्या ओकच्या झाडाला गोऱ्यांच्या जमावाने तिच्या मामाला, अलॉन्झो टेटला, घरच्यांच्या लॉन्झोला, टांगलं होतं. मामाचा गुन्हा काय, तर कापसाचं वजन पुन्हा करा म्हणाला. प्रेत घरच्यांना मिळालं नाही. झाडही पुढे कुणीतरी तोडून नेलं. मग इडेलाच्या आजीने त्या जागेलाच थडगं मानलं आणि आमच्या काळ्या लोकांत थडगी ठेवतात तशी ती ठेवली. गवताची एक काडी नाही, तांबडी माती झाडून स्वच्छ, तिच्यावर खराट्याच्या ताज्या रेघा. थडग्यावर गवत दिसलं की समजायचं, याच्यामागे रडायलाही कुणी उरलेलं नाही. आजीनंतर आई झाडत राहिली, आईनंतर इडेला.

गोऱ्यांच्या घरी याच जागेची दुसरीच गोष्ट चालायची. त्यांचे आजोबा व्हरांड्यातल्या खुर्चीत झुलत, आवाज खोल घशात नेऊन नातवंडांना सांगत, "तिथं गवत उगवत नाऽऽही, पोरा. जमिनीला माहितेय तो कसला होता तेऽऽ." इडेलाने लहानपणी हे दुकानात ऐकलं आणि घरी येऊन आईला जसंच्या तसं करून दाखवलं. आई ठसका लागेपर्यंत हसली. "जमिनीला माहितेय? माझ्या कंबरेला विचार म्हणावं त्याला!"

गेल्या वर्षी, जमावाने मारलेल्यांची नावं जपायला, गावात स्मरण समिती निघाली. लॉन्झोच्या जागेवरची माती काचेच्या बरणीत भरायची, बरणीवर त्याचं नाव घालायचं आणि ती कोर्टाच्या इमारतीत ठेवायची असं ठरलं. पाटीही लागणार होती, पण ती दूर पेट्रोलपंपाशी, कारण तिथे गाड्या लावायला सोय. इडेला म्हणाली, "पाटी तुम्ही चंद्रावर लावा. जागा मला माहितेय." बरणी भरायचा मान जवळची नातेवाईक म्हणून तिलाच मिळाला.

कार्यक्रमाच्या सकाळी ती जांभळी टोपी घालून, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन आली. तंबू लागला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, चर्चच्या बायका पंख्यांनी वारा घेत होत्या. आणि उघड्या जमिनीचा पत्ताच नव्हता. तिच्यावर हिरवंगार गवत पसरलेलं, कडेने बेगोनियाची गुलाबी फुलं.

"सरप्राऽऽइज!" कॅरोलिन हडलस्टन टाळ्या वाजवत आली. ती गोऱ्या बायकांच्या बागकाम मंडळाची अध्यक्ष. बोलताना तिचा प्रत्येक शब्द पाकातून काढल्यासारखा यायचा. "इडेऽऽला, अगं, किती भकास दिसत होती गं ही जागा! आमच्या मुली दोन दिवस राबल्या. आता कशी गोऽऽड दिसते, नाही?"

इडेलाने बरणी खुर्चीवर ठेवली. "कॅरोलिन," ती म्हणाली.

पंखे थांबले. टॉलिव्हरमध्ये कॅरोलिनला आमच्यातले सगळे 'मिसेस हडलस्टन' म्हणत, आणि कॅरोलिन सत्तरी ओलांडलेल्या बाईला 'इडेला'. उलटं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"कॅरोलिन, हे उचल."

"काऽऽय?"

"गवत. तुझ्या आईच्या थडग्यावर मी कोंबड्या सोडल्या तर चालेल का तुला? मग हे उचल."

रेव्हरंड बोझमन घसा साफ करत मध्ये आले. आधी "अं-हं-हं" केल्याशिवाय त्यांना साधं 'आमेन'सुद्धा जमायचं नाही. "अं-हं-हं, सिस्टर गॅस्किन, त्यांनी प्रेमाने केलंय. मला विचारलं होतं. मीच हो म्हणालो."

"तुम्ही अटलांटाच्या सिमेंटमध्ये वाढलात, रेव्हरंड. तुम्हाला विचारणं म्हणजे मांजराला पोहणं विचारणं. याची मुळं धरली ना, की एका उन्हाळ्यात जागा गेली. झाड नाही, पाटी तिकडे पंपावर. मग कुठं शोधायचं त्याला? तुमच्या प्रवचनात?"

आणि ती गुडघ्यांवर बसली. नखं घालून तिने गवताची पहिली लादी वर काढली आणि कॅरोलिनच्या पांढऱ्या बुटांपाशी फेकली.

"पोऽऽल!" कॅरोलिनचा पाक आटला. "ट्रॅव्हिस पोल! बघतोस काय? ही नासधूस चाललीय!"

ट्रॅव्हिस पोल हा शेरीफचा माणूस, कोवळा, गोरा, कमरेला पिस्तूल. तो येऊन इडेलाच्या डोक्याशी उभा राहिला. "काकू, ही सरकारी जागा आहे. थांबा, नाहीतर मला तुम्हाला उठवावं लागेल."

इडेलाने मान वर केली. "उठव की. जागा तीच आहे. लोकही जमलेत. फक्त दोरी आणायची राहिली."

पेपरवाल्या मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला. ट्रॅव्हिसने कॅमेऱ्याकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि ते हात खिशात घातले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून चर्चमधली सिस्टर मॅब्री उठली. इडेलाशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कुणाच्या तरी मयताच्या जेवणातल्या रताळ्याच्या गोड 'पाय' पक्वान्नावरून झालेलं. तिने चर्चच्या दारावर लोकांना जागा दाखवायला उभं राहताना घालायचे पांढरे हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि इडेलाच्या शेजारी बसकण मारली.

"तुझं तोंड मला कधीच आवडलं नाही," ती लादी उपसत म्हणाली.

"तुला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. सरक तिकडे. बूड केवढं पसरलंय."

दोघींनी मिळून सगळं गवत काढलं. कॅरोलिन बेगोनियाची रोपं छातीशी धरून गाडीत जाऊन बसली आणि काच बंद करून तोंड हलवत राहिली. काय म्हणाली ते कळलं नाही, पण 'गोड' नक्की नव्हतं. तिच्यामागे बागकाम मंडळाची अख्खी रांग उठून गेली. समितीतले दोन गोरे राहिले, तेही खुर्चीच्या टोकावर.

इडेला झाडायला लागली. काढलेल्या गवताखालची माती ओली होती, खराट्याला चिकटत होती.

"कडेकडून आत झाड," मॅब्री म्हणाली.

"आतून बाहेर झाडतात. तुझ्या घरी कडेकडून झाडत असतील."

"माझ्या आईने हा रस्ता झाडलाय!"

"मग रस्त्यावर जा."

रेव्हरंड माईक धरून उभे होते. "अं-हं-हं," ते म्हणाले.

"थांबा!" दोघी एकदम ओरडल्या.

ऊन चढलं, पंखे पुन्हा हलू लागले, आणि चर्चच्या गाणाऱ्यांनी वाट बघून बघून आपल्याच मनाने सूर धरला. इडेलाने शेवटची रेघ ओढली, खाली बसली आणि ओंजळीने माती बरणीत घातली. बरणी गच्च भरल्यावर ती झाकण लावता लावता, माईक न घेता, त्या बंद गाडीच्या काचेतूनही पोचेल अशा आवाजात म्हणाली, "अलॉन्झो टेट. वजन पुन्हा करा म्हणाला होता."